पावावरचा उंदीर

आमच्या शाळेत मूल्यं शिकवली जातात पण ती दिसत नाहीत, असं तपासणीला आलेल्या बाईंनी अहवालात लिहून ठेवलं. मोठ्या बाईंना हे वाक्य फार लागलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, मिसेस पार्जिटर. सामाजिक, नैतिक, आध्यात्मिक आणि सांस्कृतिक अशी चारही प्रकारची मूल्यं आपण बालवर्गापासून मुलांना घास घास करून भरवतो आणि ती दिसत नाहीत म्हणजे काय? शनिवार-रविवार त्या शाळेतच होत्या. सोमवारी आम्ही आलो तर हॉलच्या भिंतीवर पुठ्ठ्याचं झाड होतं. जमिनीपासून छतापर्यंत. आगीची घंटा एका फांदीमागे गेली होती, पण आग काही रोज लागत नाही.

"आता दिसतंय?" मोठ्या बाईंनी विचारलं.

दिसत होतं. रस्त्यावरूनसुद्धा दिसत होतं.

नियम सोपा होता. दर महिन्याला एक मूल्य. त्या मूल्याला धरून एखाद्या मुलाने काही केलं की काय केलं ते लिहून त्याच्या नावाचं कागदी पान झाडाला लावायचं. सप्टेंबरचं मूल्य होतं आदर. तो महिना बरा गेला. मुलं एकमेकांसाठी दार धरून उभी राहू लागली. सगळीच दार धरून उभी असल्यामुळे दारातून जायला कोणी उरत नसे आणि मधल्या सुट्टीत निम्मी शाळा दारातच असे, पण आदर होता.

ऑक्टोबरचं मूल्य आलं प्रामाणिकपणा.

"आपली चूक आपणहून कबूल करायची," मोठ्या बाईंनी प्रार्थनेच्या वेळी सांगितलं. "जो कबूल करेल त्याला रागवायचं नाही. त्याला पान."

मी दुसरीला शिकवतो. माझं नोकरीचं पहिलंच वर्ष. आमचा मुलूख टेबलासारखा सपाट. शेतात काही केलं तर तीन गावांना दिसतं. त्यामुळे इथे गुन्हे मुळातच कमी. पहिल्या आठवड्यात माझ्या वर्गातले खरे गुन्हे संपले. एक खोडरबर, दोन चिमटे आणि कोणाच्या तरी बुटात ओतलेलं दूध. नंतर मुलांना नवे शोधावे लागले.

यात डेक्स्टर मॉसचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याने सोमवारी कबूल केलं की चर्चचं घड्याळ मागे पडतं ते त्याच्यामुळे. मंगळवारी, गेल्या हिवाळ्यात कालव्याचं पाणी रस्त्यावर आलं तेही त्यानेच आणलं. बुधवारी तो माझ्या टेबलापाशी आला तेव्हा त्याचा चेहरा गंभीर होता.

"सर, डायनासोर संपले ना."

"हो."

"त्यात माझा हात होता."

मी त्याला मोठ्या बाईंकडे पाठवलं. तो पान घेऊन परत आला. "कबूल केलं हे महत्त्वाचं," मोठ्या बाईंनी मला नंतर सांगितलं. पण त्या माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हत्या. त्या बिचाऱ्या अडकल्या होत्या. पान नाकारलं तर प्रामाणिकपणाला शिक्षा दिल्यासारखं होणार, आणि तपासणीच्या बाई कुठल्याही दिवशी फोन करून उद्या येते म्हणणार. झाड मात्र वाढत होतं.

माझ्या वर्गात सगळ्यांची पानं लागली. राहिली एकटी हेट्टी थर्लो.

हेट्टी सात वर्षांची. आजोबांजवळ राहायची. तिचे आजोबा साखर कारखान्यात साखरेचं बीट नेणारा ट्रक चालवत. आणि ही पोरगी खोटं बोलत नसे. बोलायचं नाही असं ठरवलं होतं असं नाही. तिला ते यायचंच नाही, जसं काहींना शीळ घालता येत नाही. शाळेच्या फोटोच्या दिवशी फोटोग्राफर म्हणाला, "छान हसलीस," तर ती म्हणाली, "मी हसले नाही, मला शिंक येत होती." आमच्या गावच्या चर्चच्या धर्मगुरू रेव्हरंड जिल दर गुरुवारी शाळेत येऊन मुलांशी बोलतात. त्यांनी एकदा हौसेने विचारलं, "आजचं कसं वाटलं, हेट्टी?"

"शेवट आवडला."

"हो? शेवटी मी काय म्हणाले ते?"

"नाही. तेव्हा संपलं, ते."

अशा मुलीला प्रामाणिकपणाचं पान मिळत नव्हतं, कारण तिने कबूल करावं असं काही केलंच नव्हतं.

ती रोज सकाळी माझ्या टेबलाशी यायची. "सर, काल झोपताना पुष्कळ विचार केला. काही नाही सापडलं."

"एखादं जास्तीचं बिस्किट? नीट आठव."

"नाही. डेक्स्टरने माझं घेतलं होतं."

"ते डेक्स्टरचं झालं."

"हो, त्याने त्याचं पान पण घेतलं." तिने जरा विचार केला. "मंगळवारी मी दात न घासता झोपायला गेले."

"मग! झालं की!"

"पण झोप येईना. मग उठून घासले."

मी मोठ्या बाईंना जाऊन भेटलो. "हेट्टी थर्लोला एक पान द्यायला काय हरकत आहे? ती खोटं बोलत नाही."

"कधी नाही बोलली?"

"कधीच नाही."

"अहो मिस्टर कॅचपोल, कधीच नाही असं कसं चालेल? काहीतरी घडायला हवं ना. न घडलेल्या गोष्टीचं पान कसं लावू? उद्या त्या तपासणीच्या बाईंनी विचारलं, हे पान कशाचं, तर काय सांगू? इथे काही झालं नव्हतं म्हणून?" मग त्यांचा आवाज खाली आला. "मलाही वाईट वाटतंय हो. पण आज तिला दिलं तर उद्या सगळेच म्हणतील, आम्हीही काही केलं नाही."

आता हे सगळं चाललं असताना सुगीचा कार्यक्रम तोंडावर आला. ऑक्टोबरच्या मध्यावर आमच्याकडे तो असतोच. गरजूंना वाटायला घरोघरून वाटाण्यांचे, बीनचे, सूपचे डबे येतात. हॉलमध्ये टेबल मांडतात, भोपळे ठेवतात, नांगरणीचं गाणं म्हणतात, आणि सगळ्याच्या मधोमध असतो सुगीचा पाव. गव्हाच्या पेंढीच्या आकाराचा, भाजून तांबूस झालेला, हातभर लांब. आणि पेंढीच्या खालच्या कोपऱ्यात, देठांवर चढणारा एक पावाचाच उंदीर. डोळ्यांच्या जागी लवंगा.

यंदा मोठ्या बाईंनी त्यात भर घातली. आईबाप समोर बसलेले असताना प्रत्येक मुलाने झाडाशी जाऊन आपलं पान वाचून दाखवायचं.

"सर, मी काय वाचू?" हेट्टीने विचारलं. "आजोबा येणारेत. त्यांनी ट्रक बंद ठेवलाय."

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी आम्ही टेबलावर डबे रचत होतो, तेव्हा माझ्या पाठीमागे तिचं आणि डेक्स्टरचं बोलणं चाललं होतं.

"काहीही सांग ना," डेक्स्टर म्हणाला. "कोण बघायला येतंय? मी सांगतो ना तुला. समुद्र खारट केला म्हण. तो अजून कोणी घेतला नाहीये."

"पण मी नाही केला."

"मग कर काहीतरी!"

एवढ्यात सूपच्या डब्यांचा मनोरा कोसळला आणि मी तिकडे धावलो.

पावाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, जी गावात सगळ्यांना माहीत होती आणि मोठ्या बाईंना वाटायचं की फक्त त्यांनाच माहीत आहे. तो पाव यंदाचा नव्हता. तो त्यांचे यजमान लेन पार्जिटर यांनी केलेला होता. लेन गावचे बेकर. दर वर्षी सुगीचा पाव तेच करायचे, आणि सगळ्यात शेवटी, हात धुवायच्या आधी, उंदीर. ज्या वर्षी हा पाव केला त्याच हिवाळ्यात ते गेले. पुढच्या ऑक्टोबरात मोठ्या बाईंनी तोच पाव आणून टेबलावर ठेवला. वॉर्निशचे थर दिले होते, त्यामुळे चमकत होता. तेव्हापासून तो उशीच्या अभ्र्यात गुंडाळून त्यांच्या कपाटात राहतो आणि वर्षातून एकदा बाहेर येतो. रेव्हरंड जिल दर वर्षी त्याच्यावर हात ठेवून "या ताज्या पावासाठी" देवाचे आभार मानतात. कोणी काही बोलत नाही.

तर हॉल भरला. आईबाप लहान मुलांच्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीशी घेऊन बसले. हेट्टीचे आजोबा शेवटच्या रांगेत, केस पाणी लावून बसवलेले. गाणं झालं. रेव्हरंड जिल पावाकडे वळल्या, हात पुढे केला आणि तसाच थांबवला.

"उंदीर कुठे गेला?"

मोठ्या बाई पुढे झाल्या. पेंढीच्या कोपऱ्यात, जिथे उंदीर असायचा, तिथे एक पांढरट खड्डा होता. मोठ्या बाईंनी हात टेबलावर टेकवला. मी त्यांना इतकं पांढरं पडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"कोणी केलं हे?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

आणि माझ्या अख्ख्या वर्गाचे हात वर गेले.

"मी, बाई!"

"बाई, मी खाल्ला!"

"मी पहिला खाल्ला!"

"मी दोन खाल्ले," डेक्स्टर म्हणाला.

तिसरीतून हात आले, चौथीतून आले. बालवर्गातलं एक पोरगं उंदीर म्हणजे काय ते न कळता दोन्ही हात वर करून उभं राहिलं. एका उंदरासाठी निम्मी शाळा गुन्हेगार झाली होती, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर पान मिळणार असल्याचा आनंद होता.

"थांबा," रेव्हरंड जिल म्हणाल्या. त्यांनी खड्ड्यातून चिमटीत काहीतरी काढलं होतं. "इथे दात आहे."

दुधाचा दात. खालचा, पुढचा. मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी वर्गाकडे वळलो. "तोंड उघडा बघू."

सगळ्यांनी उघडलं. सात वर्षांची मुलं ती. एकाच्याही तोंडात पुढचे सगळे दात नव्हते. डेक्स्टरला तर चार खिंडी होत्या आणि तो प्रत्येक खिंडीत जीभ घालून दाखवत होता.

तेव्हा हेट्टी उभी राहिली. "मी केलं," ती म्हणाली.

"हो बाळा, बस खाली," मोठ्या बाई थकून म्हणाल्या. "सगळ्यांनीच केलंय."

हेट्टी बसली नाही. तिने इकडेतिकडे पाहिलं. तिच्या आयुष्यातला पहिला गुन्हा, खराखुरा, आणि तो घ्यायला कोणी तयार नव्हतं. ती एक पाऊल पुढे आली. "पण मी खरंच केलं."

"आम्ही पण खरंच केलं," डेक्स्टर म्हणाला.

मागच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आजोबा उठत होते; गुडघ्यांमुळे जरा वेळ लागला. "माफ करा हं बाई. पण हेट म्हणतेय ना केलं, म्हणजे केलंय. ती खोटं बोलत नाही. मला घरी लई त्रास होतो त्याचा. परवा शेजारीण म्हणाली आजोबा घरात आहेत का, मी हिला खुणावतोय नाही म्हण, नाही म्हण..."

"ते घरात आहेत पण नाही म्हण म्हणतायत, असं मी सांगितलं," हेट्टी म्हणाली.

"बघा," आजोबा म्हणाले आणि खाली बसले.

हेट्टीने वाकून मोज्यात हात घातला आणि उंदीर बाहेर काढला. शेपूट नव्हतं आणि एक डोळा गेला होता, बाकी सगळा होता. वॉर्निशमुळे तो तिच्या तळहातावर चकाकत होता.

"अगं, मग आधीच का नाही दाखवलास?" मी विचारलं.

"खरं सांगितलं होतं ना, सर. मग दाखवायचा कशाला?"

मोठ्या बाई तिच्यापाशी आल्या आणि गुडघ्यावर बसल्या. "का गं केलंस असं?"

"मला पान हवं होतं. आणि माझ्याकडे कबूल करायला काही नव्हतं." हेट्टीने नाक पुसलं. "मला वाईट करायचं होतं पण छोटंसंच. टेबलावर सगळ्यात छोटं हेच होतं. खाऊन टाकणार होते, पण तो चावलाच जाईना. शेपूट गिळलं. डोळ्याने जीभ बधिर झाली. हा पाव खूप वाईट आहे, बाई."

हॉलमध्ये कोणीतरी श्वास आत घेतला. लेनच्या पावाला वाईट म्हणणारं माणूस त्या गावात आजवर जन्मलं नव्हतं.

मोठ्या बाईंनी उंदीर घेतला आणि उजेडात धरला. मला वाटलं आता रडतील. त्यांच्या तोंडून आवाज आला, पण तो रडण्याचा नव्हता. "वाईटच असणार," त्या म्हणाल्या. "तीन थर दिलेत मी वॉर्निशचे." मग त्या उठल्या आणि लोकांकडे वळल्या. साडी असती तर पदर खोचला असता. त्यांनी कार्डिगनची बटणं लावली.

"मला एक सांगायचंय. हा पाव यंदाचा नाहीये. लेनचा आहे. दर वर्षी तोच आणते मी. रेव्हरंड, तुम्ही दर वर्षी ताजा पाव म्हणता आणि मी ऐकून घेते."

रेव्हरंड जिल यांनी घसा साफ केला. "मला माहितीये. गेल्या वर्षी तुम्ही चहा आणायला गेलात तेव्हा मी धूळ पुसली होती त्याची."

"मलाही माहिती होतं," पहिल्या रांगेतून एक आई म्हणाली. "मी शाळेत होते तेव्हापासून तोच आहे."

"त्याला मागनं एक भेग पण आहे," आजोबा म्हणाले.

मोठ्या बाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली. इतकी वर्षं अख्खा गाव त्यांच्याशी मिळून खोटं बोलत होता, आणि एकालाही पान मिळालं नव्हतं.

डेक्स्टरचा हात हळूच वर आला. "बाई, मी नाही खाल्ला."

"माहितीये, डेक्स्टर."

"दोन पण नाही." तो थांबला. त्याचे कान लाल झाले होते. "आणि डायनासोरचं पण... तेव्हा मी नव्हतो."

मग एकेक हात यायला लागले. मी नाही, मी पण नाही, मी घड्याळाला हात नाही लावला, मी फक्त त्याने सांगितलं म्हणून सांगितलं. बालवर्गातल्या पोराने पुन्हा दोन्ही हात वर केले. सगळं संपेपर्यंत चहा गार झाला. त्या महिन्यात एवढ्या खऱ्या कबुल्या एकदम कधी आल्या नव्हत्या, आणि कोणी पान मागितलं नाही.

मोठ्या बाईंनी टेबलावरून दोन कोरी पानं उचलली. एक हेट्टीला दिलं. दुसरं हातात धरून त्या घुटमळल्या. "माझं कसं? मला मिळतं का गं?"

हेट्टीने प्रश्न नीट तपासला. "तुम्ही मुद्दाम केलं होतं?"

"हो."

"आणि आपणहून सांगितलं. कोणी पकडलं नव्हतं."

"सगळ्यांना माहीत होतं म्हणतात."

"पण तुम्हाला माहीत नव्हतं की त्यांना माहितीये."

"नाही."

"मग मिळतं," हेट्टी म्हणाली.

दोन्ही पानं शेजारी शेजारी लागली, आगीच्या घंटेच्या जरा खाली. हेट्टीने आपलं खणखणीत आवाजात वाचलं: "मी उंदीर चावला. मुद्दाम. हेट्टी थर्लो." शेवटच्या रांगेत आजोबांनी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की छोटी खुर्ची त्यांना सोडून मागे पडली. दात रेव्हरंड जिल यांनी रुमालात बांधून दिला, रात्री उशीखाली ठेवायला; परी येऊन तो नेते आणि नाणं ठेवते, असं इथली मुलं मानतात. नंतर मी आजोबांना बाजूला घेऊन पोटावर लक्ष ठेवायला सांगितलं. ते म्हणाले, "मास्तर, दुखलं तर ती सांगेलच. ऐकायला नको इतकं सांगेल."

पाव पुन्हा अभ्र्यात गेला. उंदीर आता मोठ्या बाईंच्या टेबलावर असतो, पेन ठेवायच्या खोबणीत.

सहामाहीची सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा नोव्हेंबर लागला होता आणि झाडावर नवं मूल्य आलं होतं, दयाळूपणा. त्या शुक्रवारी मोठ्या बाई माझ्या वर्गात एक ताट घेऊन आल्या. ताटात पाव होता. पेंढीचा आकार करायचा प्रयत्न झाला होता. मला तो आधी बूट वाटला. त्यांच्या मनगटावर भाजल्याची खूण होती. लेन गेल्यापासून त्यांनी भट्टी पेटवली नव्हती, हे मला रेव्हरंड जिल यांनी सांगितलं होतं.

कोपऱ्यात उंदीर होता. त्याला कान जरा जास्तच होते. मोठ्या बाईंनी तो तोडून हेट्टीपुढे धरला. हेट्टीने तो अख्खा तोंडात टाकला, डोळ्यांच्या जागी लावलेल्या बेदाण्यांसकट, आणि चावू लागली. सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता. मोठ्या बाई तर श्वाससुद्धा घेत नव्हत्या.

"कसा झालाय?"

हेट्टीने घास गालात सरकवला. "खरं सांगू, बाई?"

"नको," मोठ्या बाई पटकन म्हणाल्या. "म्हणजे... नोव्हेंबर आहे आता."

हेट्टी चावत राहिली. मी तिला अनेकदा विचार करताना पाहिलंय, पण इतका वेळ लावताना कधी नाही. डेक्स्टर मागून कुजबुजला, "छान म्हण, छान म्हण." तिने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तिने गिळलं, नव्या फुटणाऱ्या दातावरून जीभ फिरवली आणि मोठ्या बाईंकडे पाहिलं.

"आधीच्यापेक्षा मऊ आहे," ती म्हणाली.